रोमन रस्त्यांचं कौतुक ठीक, पण वसुलीचं काय?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला रोमन साम्राज्यावरचा लेख वाचला. रस्ते, पाणी आणणारे कालवे, कायदा, इ.स. 212 मध्ये सम्राट कॅराकॅलाने गुलाम सोडून जवळजवळ सगळ्यांना दिलेलं नागरिकत्व, हे सगळं मस्त लिहिलंय. पण जिंकलेल्या लोकांना रोमने 'न्याय दिला' असं एक वाक्य त्यात आहे, तिथे मी अडकलो. सिसिली हा पहिला प्रांत हातात आला इ.स.पू. 241 मध्ये, म्हणजे नागरिकत्व मिळेपर्यंत साडेचारशे वर्षं गेली, त्या काळाचं काय?

सायप्रसमधल्या सलामिस शहराचंच बघा. या शहराने कर्ज काढलं, देणारे कागदोपत्री दोन दलाल, खरा सावकार ब्रूटस. हो तोच, सीझरला भोसकणारा, ज्याच्या नावाने आपण अजून दगाबाज मित्राला 'ब्रूटस, तू सुद्धा' म्हणतो. व्याज वर्षाला 48 टक्के! प्रांतातल्या लोकांना रोममध्ये असं कर्ज द्यायला कायद्याने बंदी होती, तर या साहेबांनी सिनेटकडून, म्हणजे रोमच्या बड्या लोकांच्या राज्यसभेकडून, खास ठराव करून घेतला. मग वसुली थकली तेव्हा त्याच्या दलालाला, स्कॅप्टिअसला, तिथल्या गव्हर्नरने सरकारी घोडेस्वार दिले (गव्हर्नर म्हणजे ब्रूटसचा सासरा, आता काय बोलणार), आणि त्याने शहराच्या नगरसेवकांना त्यांच्याच सभागृहात कोंडून ठेवलं, इतके दिवस की पाच जण उपाशी मेले.

हे आपल्याला कळतं ते सिसेरो या रोमन वक्त्या-पुढाऱ्याच्या पत्रांमधून. इ.स.पू. 51 मध्ये तो त्या भागाचा गव्हर्नर होऊन आला. माणूस बरा, घोडेस्वार परत बोलावले, स्वतः लोकांकडून पैसे खाल्ले नाहीत, आणि 12 टक्क्यांच्या वर व्याज चालणार नाही असं जाहीर केलं. सलामिसवाले म्हणाले, ठीक आहे, त्या हिशोबाने आत्ता भरतो. स्कॅप्टिअस घेईना. बरं मग पैसे देवळात ठेवतो म्हणजे व्याज तरी थांबेल, तर तेही सिसेरोने होऊ दिलं नाही, प्रकरण तसंच लटकत ठेवून हा गडी परत निघून गेला, कारण ब्रूटसला दुखवायचं कोणी? चांगल्या गव्हर्नरची ही गत, तर वाईटाची काय असेल.

आशिया प्रांतात (अख्खा खंड नव्हे, आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) तर इ.स.पू. 123 पासून करवसुलीचा रोममध्ये लिलावच व्हायचा, ठेकेदार कंपन्या बोली लावायच्या आणि मग ती रक्कम नफ्यासकट लोकांकडून काढायच्या. त्यात सुल्ला या रोमन सेनापतीने 20,000 टॅलेंटचा (टॅलेंट म्हणजे साधारण 26 किलो चांदी) दंड ठोकला, तो भरायला शहरांनी सावकारांकडून कर्जं काढली, आणि लुकुल्लस हा पुढचा सेनापती तिथे पोचेपर्यंत त्याचे 1,20,000 झाले होते असं ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो. लोक पोटची मुलं विकत होते. लुकुल्लसने व्याज महिना एक टक्क्यावर आणलं आणि चारेक वर्षांत कर्जं फिटली, पण रोममधले सावकार त्याच्या जिवावर उठले.

लेखकाचं म्हणणं की गव्हर्नरने लुबाडलं तर दाद मागायला रोममध्ये कोर्ट होतं. होतं ना, इ.स.पू. 149 पासून. पण कोर्टात बसणार कोण, हाच तर सगळा खेळ होता. सुरुवातीला सिनेटर म्हणजे गव्हर्नरचेच भाऊबंद, नंतर ठेकेदारांच्या वर्गातले लोक. रुटिलिअस रुफस नावाच्या प्रामाणिक अधिकाऱ्याने आशियात ठेकेदारांना लगाम घातला, तर इ.स.पू. 92 च्या सुमारास त्याच्यावरच लोकांकडून पैसे उकळल्याचा खटला आणि शिक्षा! मग हा बाबा राहायला कुठे गेला, तर त्याच आशियात, ज्या लोकांना त्याने लुबाडलं म्हणे त्यांच्यातच, स्मिर्ना शहरात, आणि त्यांनी त्याला नागरिक करून घेतलं.

तेव्हा लेखाचा दुसरा भाग येणार असेल तर ठेकेदार आणि सावकारांवर दोन रकाने द्यावेत ही विनंती. आणि जागा उरली तर अथेन्सलाही सोडू नका. घरात लोकशाही आणि इ.स.पू. 416 मध्ये मेलोस बेट शरण आल्यावर पुरुषांची कत्तल, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली, तीसुद्धा लोकांच्या सभेत ठराव पास करून.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली