न फुटलेल्या बांधाबद्दल आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या चतुर्थीनंतरच्या बैठकीत आपला जाहीर सत्कार करावा असे आम्ही शेतकऱ्यांनी एकमताने ठरवले, तेव्हा आपण शाल, श्रीफळ आणि हार या तिन्ही गोष्टी एका वाक्यात नाकारल्यात आणि तेवढ्या पैशांत मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, दोन फळ्या येतील असे वर सुनावलेत. फळ्या आल्या, त्या बसवूनही झाल्या. आभार मानायचे मात्र राहून गेले. समोर उभे राहून ते मानावेत तर शाळेत फळ्यासमोर उभे असल्यासारखी आजही जीभ अडखळते, म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते उघड लिहिण्याचे कारण इतकेच की, शेताचा बांध फुटू नये म्हणून आपण जे केलेत ते गोव्यात जुवारीच्या काठावरच नव्हे, तर मांडवी, शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठांवरच्या गावांनाही करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही हे त्यांना कळावे.

सत्तरी-सांगे या आतल्या डोंगराळ तालुक्यांतल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन असल्याचे मानले जाते. ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असते. मातीचा बांध आणि त्यातली मानस, एवढ्याच आधारावर ती शेत म्हणून टिकते. मानशीच्या फळ्या भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात आभाळातून पडणारे पाणी जमिनीतला खार धुऊन काढते, ते पोंयीतून, म्हणजे मानशीच्या आतल्या पाणसाठ्यातून, मानशीवाटे नदीला जाऊन मिळते आणि मागे खार सोसणारे कोरगूट भात उभे राहते. बांधाला खेकड्याने पाडलेले बोटभर भोकही पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हातभर होते, आणि एकदा का खारे पाणी शेतात साचले की ती माती पुन्हा गोडी धरायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर कूळ दुसऱ्या कामाला लागलेला असतो आणि तो परत फिरत नाही.

बांधाची ही जबाबदारी कधीकाळी गावकारीची, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेची होती. १५२६ साली आफोंसो मेशिया याने तिसवाडीतल्या गावकाऱ्यांच्या चालीरीतींची सनद तयार केली. ती व्यवस्था पोर्तुगीजांनी येथे आणलेली नव्हती, आधीपासून चालत आलेली त्यांनी कागदावर उतरवली. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा कूळ मालक झाला, आणि त्यात न्यायच होता. माझ्या आजोबांच्या नावावर जमीन लागली ती त्याच कायद्याने. पण जमीन वाटली गेली तरी बांध वाटता येत नाही. त्याची सामायिक जबाबदारी कुळांनी मिळून पार पाडावी यासाठी १९७५ मध्ये नियम झाले, समित्या झाल्या. परंतु जबाबदारी वाटून घेतलेले हात पुढच्या पिढीत पणजीला, मुंबईला आणि आखातात गेले आणि समितीच्या वहीत फक्त सह्या उरल्या.

आपण निवृत्त होऊन गावी राहायला आलात त्या वर्षी देवळाच्या सभामंडपात बैठक भरली होती. नेहमीप्रमाणे मागच्या वेळी बांध फुटला तेव्हा किती नुकसान झाले, पंचनामा कसा उशिरा झाला, भरपाईचा अर्ज एका कार्यालयातून तीनदा कसा परत आला, यावरच सगळे बोलत होते, आणि त्यात मीच सर्वांत मोठ्याने बोलत होतो. सगळ्यांचे ऐकून घेतल्यावर आपण विचारलेत, ‘‘फुटलेल्या बांधाचा खर्च सगळ्यांना तोंडपाठ आहे. न फुटू देण्याचा वर्षाचा खर्च किती, हे कोणी सांगेल का?’’ कोणालाच सांगता आले नाही. गणिताच्या तासाला पडायची तशी शांतता पडली. नंतरच्या तीन संध्याकाळी आपण टेप आणि वही घेऊन साऱ्या बांधावरून चाललात, कुठे किती माती खचली आहे आणि कुठे पाणी पाझरते आहे ते मांडलेत, आणि चौथ्या दिवशी जो आकडा समोर ठेवलात तो पाहून आम्हालाच लाज वाटली. त्याहून जास्त पैसे आम्ही एका जत्रेच्या रोषणाईवर घालत होतो. देवाच्या कामाला पैसे देऊ नयेत असे माझे म्हणणे नाही आणि आपलेही नव्हते. परंतु कळसावर नाव कोरले जाते, बांधाच्या चिखलावर ते कोरता येत नाही, एवढा फरक आपण बरोबर हेरला होतात.

आपल्या निवृत्तीच्या पैशांतला एक भाग आपण आधी ठेवलात आणि मगच आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे लिहिलीत. त्यांत विनवणी नव्हती, हिशेब होता. वर्षाला किती, कशासाठी, आणि न दिल्यास काय होईल, एवढेच. देणाऱ्याचे नाव कोणत्याही दगडावर लागणार नाही, अशी अटही घातली होती. या अटीमुळे काही जण मागे फिरले, तर ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती असे कित्येक पुढे आले. सरकारी मदतीला आपण कधी नाके मुरडली नाहीत. मोठी दुरुस्ती शेतकी खात्याच्या योजनेतूनच व्हायला हवी, असे आपण पहिल्या दिवसापासून सांगत आलात. मात्र योजना कोसळलेल्या बांधाकडे पाहते. शाबूत बांधावर दर चार दिवसांनी टाकावा लागणारा चार घमेली चिखल कोणत्याच अर्जात बसत नाही, आणि नेमका तो चिखल आपल्या निधीने उचलला.

या निधीचा सर्वांत मोठा खर्च माणसावर झाला. गावाच्या राखणदार देवाला आपल्याकडे मान आहे, त्याला रोटाचा नैवेद्य चुकत नाही. पण हाडामांसाचा माणूस कोयता आणि कंदील घेऊन बांध राखत फिरायचा, त्याची मजुरी गेली कित्येक वर्षे कोणी देतच नव्हते. आपण त्याला महिन्याचा पगार सुरू केलात. तेव्हा मी विरोध केला होता, हे येथे कबूल करतो. माणूस फिरत राहील आणि दाखवायला काहीच उरणार नाही, त्यापेक्षा त्या पैशांत बांधाला जांभा दगड लावावा, असे माझे मत होते. आपण अर्धे मान्य केलेत, बहुधा मला शिकवण्यासाठीच. पन्नास पावलांच्या लांबीला दगड लागला, देखणा दिसू लागला, आणि पहिल्याच पावसात त्याच्या मागून माती निसटली. कारण गाभ्यातला चिखल थराथराने तुडवून न बसवताच आम्ही वरून दगड रचला होता. ते पैसे वाया गेले ते माझ्या हट्टामुळे. आपण त्यावर एक शब्दही बोलला नाहीत, फक्त वहीत त्या खर्चासमोर लाल शाईने खूण केलीत.

आता ज्या रात्रीसाठी मुख्यतः हे पत्र आहे, त्या रात्रीविषयी. श्रावणातली अमावास्या होती, दोन दिवस पाऊस थांबला नव्हता, नदी फुगलेली आणि त्यात उधाण. मध्यरात्रीच्या सुमारास बांध राखणाऱ्याला मानशीच्या उत्तरेला आतल्या उतारावर गढूळ पाण्याची बारीक धार दिसली. स्वच्छ पाणी पाझरत असेल तर सकाळपर्यंत थांबता येते, पण गढूळ पाणी बांधाची माती घेऊन येत असते. त्याने फोन केला आणि तासाभरात सोळा माणसे मातीच्या गोण्या, पेंढा आणि फावडी घेऊन पोहोचली. गोण्या आपल्या सांगण्यावरून मे महिन्यातच भरून देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) रचून ठेवलेल्या होत्या. भरती पूर्ण चढण्याआधी भोक बाहेरच्या बाजूने बुजवले गेले. पहाटे ओहोटी लागली, फळ्या उघडल्या, साचलेले पावसाचे पाणी नदीला गेले आणि आम्ही घरी जाऊन झोपलो. पंचनामा नाही, वर्तमानपत्रात छायाचित्र नाही, मंत्र्यांची भेट नाही. त्या रात्री काहीही घडले नाही, आणि बाई, ते काहीही न घडणे आपण आधीच विकत घेऊन ठेवले होते.

निसर्गप्रेमी मंडळींशी आपला जो वाद झाला, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. पडीक खाजनात खारफुटी उगवते तर उगवू द्यावी, तेही संवर्धनच, असे त्यांचे म्हणणे होते. ते चुकीच्या हेतूने बोलत नव्हते. आपण त्यांना बांधावर नेऊन दाखवलेत की बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला वाढणारी खारफुटी लाटांचा आणि मालवाहू बार्जींमुळे उठणाऱ्या पाण्याचा मार अंगावर घेते, म्हणून तिला हात लावायचा नाही; पण तीच बांधाच्या आत रुजली की शेत संपते, आणि ती काढायची तर परवानगीच्या फेऱ्या सुरू होतात. शेत संपले की पोंयीतले मासे, मेरांवर फिरणारी पाणमांजरे आणि कापणीनंतर उतरणारे बगळे या साऱ्यांचा मेळही मोडतो. खाजन हे माणसाने राखलेले रान आहे, राखणारा गेला तर ते नुसते रान होत नाही, असे आपण म्हणालात. त्यांच्यातल्या दोघांनी नंतर निधीला पैसे दिले. दुर्भाट भागात पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर घडवून तिला पुजतात, त्या मानगेथापणीला पुढच्या वर्षी त्यांना घेऊन जायचे ठरले आहे. ज्या मगरीला भ्यायचे तिलाच बांधाची राखण सांगायची, ही जुन्या शेतकऱ्यांची समजूत त्यांना पटेल असे वाटते.

बियाण्याच्या बाबतीत आपण आमच्यापेक्षा कडक निघालात. कोरगूट उंच वाढते, वाऱ्याने लोळते, उतारा कमी देते, म्हणून आमच्यातल्या अनेकांनी ते सोडून दिले होते. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून तयार केलेल्या गोवा धान जातींची माहिती आपण आणवलीत, त्या काहींनी लावल्याही. पण जुने कोरगूट गावातून जाता कामा नये म्हणून एक कुडव बियाणे न्यावे आणि कापणीनंतर दीड कुडव परत करावे, असा नियम घातलात. पहिल्या वर्षी परतफेड न करणाऱ्यांत आपला सख्खा पुतण्या होता, आणि दुसऱ्या वर्षी त्याला बियाणे मिळाले नाही. त्यानंतर कोणी चुकवले नाही. लाल कोरगुटाच्या उकड्या तांदळाची पेज आता गावाबाहेरचे लोक मागून नेतात आणि त्याला बरा भाव मिळतो, इतका की तीन पडीक कुणगे (शेताचे तुकडे) यंदा पुन्हा पेरले गेले.

मानशीच्या मासेमारीच्या लिलावाविषयी येथे फार लिहीत नाही, कारण त्या भांडणातली काही माणसे अजून एकमेकांशी बोलत नाहीत. इतकेच सांगतो की, माशांच्या लोभाने अवेळी फळ्या उघड्या ठेवून खारे पाणी आत घेण्याचा प्रकार, मानशीची किल्ली पेरणी ते कापणी शेतकऱ्यांच्याच हाती राहील ही अट लिलावात आल्यापासून थांबला आहे.

आपल्याला ऐकायला आवडणार नाही, तरी लिहितो. आपण आम्हाला पैसे दिलेत, त्याहून मोठे म्हणजे पैसे मागताना मान खाली घालायची नसते हे दाखवलेत. आम्ही आजवर नुकसान दाखवून मागत आलो. आपण काम दाखवून मागायला शिकवलेत. त्याबद्दल आम्हा सर्व कुळांच्या, मजुरांच्या आणि विशेषतः बांध राखणाऱ्याच्या कुटुंबाच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

मार्चअखेरची वही पूर्ण झाली आहे. पेंढा आणि वाहतूक यांच्या पानावर चाळीस रुपयांचा मेळ बसत नाही. मी तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा चाळीसच कमी आले. रविवारी सकाळी वही घेऊन येतो. लाल पेन काढून ठेवावे.

आपला विद्यार्थी आणि शेतकऱ्यांचा चिटणीस