बंद अणुभट्टीत तपासायचे काय उरते? : आई-बाबांना पत्र

ती. आई आणि ती. बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "चालू भट्टीला निरीक्षक लागतो हे मला समजते, पण जी कायमची बंद केली आणि जिच्यातले इंधनही काढून घेतले, तिथे तपासायचे काय उरते?" तीस वर्षे तारापूरच्या केंद्रात देखभालीचे काम केलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न आहे आणि मी घाईत दिलेले उत्तर माझे मलाच पटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आईला जी काळजी वाटते, तिच्याबद्दलही याच पत्रात लिहिते.

बाबा, मी सध्या न्यू जर्सीतल्या ज्या केंद्रावर किरणोत्सर्ग मोजण्याचे काम करते, ते ऑयस्टर क्रीक तुमच्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्याच वयाचे आहे. तारापूरने 28 ऑक्टोबर 1969 रोजी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली आणि ऑयस्टर क्रीकने त्याच वर्षी 1 डिसेंबरला. दोन्हीकडे जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या आहेत. तिकडे अरबी समुद्र आहे, इकडे बार्नेगटची खाडी. 17 सप्टेंबर 2018 रोजी हे केंद्र कायमचे बंद झाले, तेव्हा ते अमेरिकेतले सर्वांत जुने चालू अणुवीज केंद्र होते. पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरताना मला बोईसरची सकाळची पाळी, तुमचा डबा आणि शर्टाला अडकवलेला बॅज आठवला होता.

भट्टी बंद केली तरी इंधन तापत राहते, हे तुम्हीच मला शाळेत असताना शिकवले होते. बंद करण्याच्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के इतकी असलेली ही उष्णता पहिल्या काही दिवसांत झपाट्याने उतरते, पण पुढे तिची गती मंदावते. म्हणून पहिल्या टप्प्यात सगळी नजर वापरलेल्या इंधनाच्या तलावावर असते. त्यातले सगळे पाणी गेले असे धरूनही, इंधन धोक्याच्या तापमानाला पोहोचायला किमान दहा तास लागतील हे गणिताने दाखवता आले, की इथली अणुनियामक संस्था न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन, म्हणजे एनआरसी, केंद्राबाहेरच्या सोळा किलोमीटर परिघातल्या आपत्कालीन व्यवस्थेत सवलत देते. ऑयस्टर क्रीकचे सगळे इंधन 2021 मध्ये तलावातून काढून पोलाद आणि काँक्रीटच्या कोरड्या पिंपांत ठेवले गेले. ती पिंपे केंद्राच्या आवारातच उभी आहेत, कारण ते इंधन 1998 च्या जानेवारीपर्यंत ताब्यात घेण्यास सुरुवात करू, हे सरकारने कायद्याने स्वीकारलेले बंधन आजवर पाळले गेलेले नाही.

धोका खरोखरच कमी होतो, हे मी मान्य करते. माझी चिंता अशी आहे की धोक्याबरोबर पाहणारे डोळेही कमी होतात. चालू केंद्रावर एनआरसीचे निवासी निरीक्षक नेमलेले असतात, ते रोज नियंत्रण कक्षात डोकावतात, कामगारांशी बोलतात, आणि कोणत्या पंपाचा आवाज बदलला हे त्यांना ऐकून कळते. केंद्र मोडीत निघू लागले की काही काळाने ही नेमणूक संपते आणि पेनसिल्व्हेनियातल्या किंग ऑफ प्रशिया इथल्या प्रादेशिक कार्यालयातून निरीक्षक ठरावीक कामांच्या वेळी येऊ लागतात. मधल्या दिवसांत परवानाधारकाच्या, म्हणजे केंद्र ज्या कंपनीकडे आहे तिच्या, नोंदवह्यांवरच विसंबावे लागते. आणखी एक गोष्ट तुम्हाला नवलाची वाटेल. मोडण्याचा आराखडा एनआरसीकडे पाठवावा लागतो, त्यावर जाहीर सभा होते, पण त्याला मंजुरीची अट नाही. तो पोहोचून नव्वद दिवस झाले आणि हरकत निघाली नाही, की मोठी कामे सुरू करता येतात. मंजुरी लागते ती शेवटी, परवाना संपवण्याच्या योजनेला. माझे प्रामाणिक मत असे आहे की पहिल्या आराखड्यालाही मंजुरी हवी, कारण भट्टीच्या पोटातले पोलाद कापणे, ते पाण्याखाली ठेवूनच हाताळणे, अवजड बोजे उचलणे, ही सर्वांत जोखमीची कामे शेवटच्या मंजुरीच्या कितीतरी आधी उरकलेली असतात.

हे नुसते कागदावरचे बोलणे नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे केंद्रात 3 ऑगस्ट 2018 रोजी वापरलेल्या इंधनाचे एक अवजड पिंप जमिनीतल्या कप्प्यात उतरवताना आतल्या कड्यावर अडकले. उचलण्याचे पट्टे सैल पडले, तरी पिंप तळाशी टेकले असे समजून काम पुढे चालू राहिले, आणि पाऊण तासाहून अधिक काळ ते सुमारे साडेपाच मीटर उंचीवर, वरून कशाचाही आधार नसताना, केवळ त्या कड्यावर टेकलेले होते. ते पडले नाही आणि कोणाला इजाही झाली नाही. मात्र एनआरसीने चौकशी केली, 2019 मध्ये 1,16,000 डॉलरचा दंड केला, आणि उतरवण्याचे काम सुमारे वर्षभर थांबले होते. त्या वेळी भट्टी चालू नव्हती. क्रेनवर काम करणाऱ्यांना कोणी काय शिकवले होते, पट्टा सैल पडला तर थांबायचे असे कोणत्या कागदावर लिहिले होते, आणि घडलेले वेळेत कळवले का, हेच तिथे तपासायचे उरले होते.

माझे काम याहून साधे दिसते. मोडलेल्या इमारतींखालची माती आणि उरलेल्या भिंती मी मोजते. परवाना संपवून जमीन कोणत्याही वापरासाठी मोकळी करायची, तर त्या जागेपासून माणसाला वर्षाला 0.25 मिलिसीव्हर्टपेक्षा (अंगावर आलेला किरणोत्सर्ग, म्हणजे डोस, मोजण्याचे हे एकक) जास्त डोस मिळता कामा नये, आणि त्याखालीही तो शक्य तितका कमी करावा, असा नियम आहे. निसर्गाकडूनच जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात, म्हणजे एवढ्या गोंगाटात आम्हाला एक कुजबूज ऐकायची असते. त्यासाठी जमिनीचे वर्ग पाडतात. जिथे किरणोत्सर्ग मर्यादेपेक्षा जास्त असण्याची शक्यता आहे, तिथला प्रत्येक चौरस फूट उपकरणाखालून न्यावा लागतो. जिथे शक्यता कमी, तिथे काही भाग पाहून चालते. कोणती जमीन कोणत्या वर्गात घालायची, यावर सगळे अवलंबून असते, आणि त्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी कुठे काय सांडले याच्या जुन्या नोंदी लागतात. त्या जपून ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ऑयस्टर क्रीकमध्ये 2009 साली जमिनीखालच्या नळांतून ट्रिटियम (हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप) गळल्याचे आढळले होते, त्याच्या नोंदी आहेत. पण 1970 च्या दशकातल्या एखाद्या रात्रपाळीत कोणी बादलीभर पाणी कुठे ओतले आणि ते लिहिले नाही, तर ती जागा आम्ही चुकीच्या वर्गात घालण्याची भीती असते. बाबा, पाळी संपल्यावर वही पूर्ण लिहिल्याशिवाय तुम्ही उठत नसत, त्याची किंमत मला आता कळते.

आमच्या मोजणीवर एनआरसी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. काही जागा ती स्वतंत्र प्रयोगशाळेकडून पुन्हा मोजून घेते आणि राज्य सरकारचे निरीक्षकही सोबत येतात. याआधी मी ज्या केंद्रावर होते, तिथे एका निरीक्षक बाईंनी माझ्या उपकरणावरची चिकटपट्टी वाचली आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे उपकरण प्रमाणाशी ताडून पाहण्याची, मुदत दोन दिवसांपूर्वी संपल्याचे दाखवले. उपकरण अचूक होते, हे नंतर तपासले तेव्हा दिसले, तरी त्या दोन दिवसांचे सगळे आकडे आम्ही बाद धरले आणि थंडीत पुन्हा मोजणी केली. मला रडू आले होते. त्या बाई मात्र संध्याकाळपर्यंत उघड्यावर आमच्याबरोबर उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी पहिल्यांदा ती चिकटपट्टी वाचते.

आई, तू विचारलेस की अंगावर काही येत नाही ना. इथे कामगारासाठी कायद्याची मर्यादा वर्षाला 50 मिलिसीव्हर्ट आहे; आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा त्याहून कडक, पाच वर्षांत मिळून 100 आणि कोणत्याही एका वर्षात 30, अशी आहे. माझा डोस दोन्हींच्या खूपच खाली असतो, आणि तो मी स्वतः दर महिन्याला पाहते. मातीवरच्या कामात उन्हाची आणि गोचिडांची काळजी जास्त घ्यावी लागते, म्हणून पायमोजे विजारीवर ओढूनच जाते.

बर्फ पडला की मातीवरची मोजणी थांबते, कारण बर्फ आणि ओलावा खालून येणारे किरण अडवतात आणि आकडा फसवा कमी येतो. त्यामुळे जानेवारीत मला तीन आठवड्यांची रजा मिळेल. येताना जमिनीच्या वर्गवारीचे कोरे नमुने आणीन. बाबा, तुम्ही ते एकदा वाचा आणि देखभाल करणाऱ्या माणसाला कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला आहे, ते समासात लिहून द्या.

तुमची,
धाकटी