चाळकेवाडीच्या सरड्यांकडेही बघा

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर लोक पवनचक्क्या बघायला जातात. त्यांच्या पायथ्याशी दगडावर बसलेला सरडा कुणाला दिसत नाही. पावसाळ्याआधी, विणीच्या दिवसांत, नर गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतो तेव्हा नजर हटत नाही. २०१६ मध्ये या प्रजातीला 'सरडा सुपर्बा' असे शास्त्रीय नाव मिळाले. वंशाचे नाव चक्क आपला मराठी शब्द!

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. मारिया थाकर व सहकाऱ्यांचे या सरड्यांवरील संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, त्यामुळे सरडे जास्त. पण हे सरडे हडकुळे, नरांचे रंग फिके, आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नाहीत. वरच्या पात्यांचा परिणाम खालच्या जिवाच्या अंगावर उमटलेला आहे.

वीज हवीच. पण सड्यांना, म्हणजे अशा कातळी पठारांना, 'पडीक' समजून परवानग्या देणे थांबवावे. नव्या प्रकल्पाआधी किमान एका विणीच्या हंगामात तिथले सरडे आणि शिकारी पक्षी मोजले जावेत, आणि ती आकडेवारी गावकऱ्यांना मराठीत मिळावी.

– एक वाचक, सातारा