हत्ती तिसऱ्या रांगेवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पालकांसाठी आलेला लेख मी दोनदा वाचला. मुलांचे मोबाइल रोज रात्री तपासा, टोपणनावाच्या कुणाशी बोलणं दिसलं की तिथल्या तिथे बंद करा, असा त्याचा रोख होता. फोटो मागणारा, पैसे मागणारा, 'घरी सांगू नकोस' म्हणणारा कुणी असेल तर मीही हेच सांगेन. पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, हे माझ्या वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेलं असतं. पण टोपणनावामागे प्रत्येक वेळी लबाडच बसलेला असतो, हे मला मान्य नाही. का मान्य नाही ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी सांगलीत 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत बुद्धिबळाचा वर्ग घेते. इथे बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या या गावात बुद्धिबळ शिकवणं ही जबाबदारीची गोष्ट आहे, आणि ती मी मनापासून करते. 2025 च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून वर्गात मुली वाढल्या. त्यांच्याबरोबर पालकांची ईर्ष्याही वाढली. ही ईर्ष्या आधीपासून होतीच, आणि ती पोसण्यात माझाही हात होता. गावात आणखी एक सर वर्ग घेतात. आमचं दोघांचं वर्षानुवर्षं पटलं नाही. 'त्या वर्गातल्या मुलांबरोबर डाव उलगडत बसू नका, आपली तयारी त्यांना कळते,' असं मी मुलांना सांगत आले. तिकडेही हेच सांगितलं जात असे.

माझी एक विद्यार्थिनी आणि त्या वर्गातला एक मुलगा, दोघंही 2024 मध्ये 19 वर्षांचे. लहानपणापासून एकमेकांविरुद्ध खेळत आलेले. स्विस लीगमध्ये समान गुणांवाल्यांची गाठ पडते आणि या दोघांचे गुण नेहमी बरोबरीचे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत समोरासमोर. सुरुवातीला हस्तांदोलन, शेवटी हस्तांदोलन, एवढाच संबंध. दहा वर्षांत दोघांमध्ये दहा वाक्यं झाली नसतील.

आणि त्याच काळात ती दोघं रोज रात्री गप्पा मारत होती.

लिचेस नावाची साइट आहे. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने 2010 मध्ये सुरू केलेली, फुकट, जाहिराती नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालणारी. तिथे टोपणनावाने खेळता येतं. या दोघांचीही टोपणनावं होती, एकाचं फुलाचं आणि एकाचं माशाचं. ती इथे देत नाही. एका डावात तिच्याकडून वजीर फुकट गेला आणि तिने चॅटमध्ये 'अरेरे' टाइप केलं. समोरून आलं, 'मराठी?' तिथून सुरुवात झाली.

पहिले काही महिने फक्त खेळ. मग 2024 च्या मार्चमध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने 2000 च्या खालच्या सगळ्यांची रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारे गुण, एकदम वर उचलली. 2000 ला जेवढे कमी पडत होते, त्याचे चाळीस टक्के प्रत्येकाला मिळाले. तिचं 1300 चं 1580 झालं. घरी पेढे आणले गेले. तिला मात्र ते 280 गुण परके वाटत होते, आणि हे घरात कुणाला सांगता येत नव्हतं. तिने ते त्या टोपणनावाला सांगितलं. त्याने लिहिलं, 'मलाही न कमावलेले 260 मिळालेत. वडील सगळ्यांना सांगत फिरतात आणि मी मान खाली घालतो.' मग पहाटे दोनपर्यंत ती दोघं वडिलांबद्दल बोलत होती.

तिने हे सगळं मला नंतर सांगितलं, आणि त्यातली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. तो तिला चाळिशीतला, बँकेत काम करणारा गृहस्थ वाटायचा, कारण प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम द्यायचा. वय विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आवाज ऐकला नाही. तरीही माझ्या या विद्यार्थिनीला हरण्याची किती भीती वाटते, हे त्याला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. आठ वर्षं ती माझ्यासमोर बसत होती.

मेमधल्या स्पर्धेत त्यांची पुन्हा गाठ पडली. चार तासांनी पटावर एकेक हत्ती, एकेक राजा आणि त्याचं एक प्यादं उरलं. बरोबरीचा डाव. फिलिडोरचा बचाव मी तिला पन्नासदा करून दाखवला होता: हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेवर धरून ठेवायचा, समोरच्याचा राजा आत येऊ द्यायचा नाही, प्यादं त्या रांगेवर आलं की मगच हत्ती पार पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. तिने हत्ती एक खेळी आधी हलवला. त्याचा राजा आत शिरला, तिचा वेळ संपत आलेला, डाव गेला. हस्तांदोलन करून ती उठली आणि मान वर न करता बाहेर पडली.

त्या रात्री तिने ती स्थिती ऑनलाइन पटावर मांडली आणि आपल्या मित्राला पाठवली. खाली लिहिलं, 'आज ज्याच्याकडून हरले तो माझ्याकडे कधी बघतसुद्धा नाही. त्याला माझी कीव आली असती तरी चाललं असतं.'

संपादक महोदय, त्या मुलाने पट उघडला तेव्हा समोर स्वतःचाच डाव होता.

आपल्या सांगलीत नाटकाचं वेड असल्यामुळे मला सौभद्र आठवलं. यतीच्या वेषातल्या अर्जुनाला समोर सुभद्रा आहे हे माहीत असतं, सुभद्रेला तो कोण हे माहीत नसतं, आणि 1882 पासून आपण त्यात रंगून जातो. प्रेक्षागृहात गंमत वाटते. खऱ्या आयुष्यात ज्याला माहीत आहे त्याच्या हातात दुसऱ्याचं मन उघडं पडलेलं असतं. तो गप्प राहू शकला असता. आणखी महिनाभर तिच्याकडून स्वतःबद्दल ऐकत राहू शकला असता. पुढच्या स्पर्धेत तिची भीती वापरू शकला असता. लेखातला धोका मला इथे दिसतो. तो टोपणनावात नसतो, एकाला कळलं आणि दुसऱ्याला कळलं नाही या फरकात असतो. माझ्या मते माणसाची परीक्षा हा फरक तो किती दिवस ठेवतो यावर होते.

त्याने दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याने तिला एक फोटो पाठवला. त्याच्या स्कोअरशीटची कार्बन प्रत, त्याच्या अक्षरात लिहिलेल्या सगळ्या खेळ्या, वर दोघांची नावं. सोबत एक शब्द नव्हता.

ती माझ्याकडे आली तेव्हा रागाने थरथरत होती. 'बाई, त्याला सगळं माहीत आहे,' एवढंच म्हणत होती. खाते बंद करते म्हणाली. मी नको म्हटलं नाही, कर असंही म्हटलं नाही. ते दोन दिवस तो काय करत होता, एवढंच विचार, असं सुचवलं. तिने महिनाभर काहीच विचारलं नाही. त्यानेही एकही निरोप पाठवला नाही, याची मी मनात नोंद केली. शेवटी तिने एक ओळ लिहिली: 'चूक 51 व्या खेळीला झाली की 53 व्या?' उत्तर आलं, '51. दोन रात्री तेच बघत होतो. आणि मी बघत नव्हतो असं नाही. तू बघितलंस तर काय करायचं ते कळत नव्हतं.'

प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम होता.

जुलैत ती दोघं पहिल्यांदा ठरवून भेटली. पावसाळ्यात आमचं गाव आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी बघायला जातं. तिथे, त्या गर्दीत. मी यावं असा तिचाच आग्रह होता. मी थोड्या अंतरावर उभी राहिले. अर्धा तास ती दोघं कठड्याला टेकून पाण्याकडे बघत बोलत होती, आणि त्याच्या हातातली भडंगाची पुडी तशीच भिजत होती.

मला हे इतकं का समजतं, तेही लिहिते. 1980 च्या दशकात मी पोस्टाने बुद्धिबळ खेळत असे. 15 पैशांचं कार्ड, एका कार्डावर एक खेळी. रोहिणी खाडिलकर 1981 मध्ये आशियाई विजेती झाल्या होत्या, पण आमच्या घरातून लग्न झालेल्या बाईला स्पर्धेसाठी परगावी जायची परवानगी नव्हती. मी सही फक्त आद्याक्षरांची करायची. अकोल्याचे एक प्रतिस्पर्धी मला दोन वर्षं 'श्री.' लिहीत राहिले. मी दुरुस्त केलं नाही, कारण त्या कार्डांवर माझ्या खेळीला खेळी म्हणून उत्तर मिळत होतं. कुणाची सून, कुणाची पत्नी हे त्यात नव्हतं. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण माझा खेळ त्याच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. नाव झाकलं की काही माणसांना पहिल्यांदा बोलता येतं. राम गणेश गडकऱ्यांनीही कविता गोविंदाग्रज म्हणून लिहिली आणि विनोद बाळकराम म्हणून.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की मोबाइल ओढून घेऊ नका. त्या मुलीचा मोबाइल मेच्या त्या रात्री तपासला गेला असता तर 'रात्री दोन वाजता अनोळखी पुरुष' एवढंच दिसलं असतं, आणि तिचं खरं बोलणं ऐकणारा एकमेव माणूस तुटला असता. विचारा जरूर. 'तो पैसे मागतो का? भेटायला एकटी बोलावतो का?' यांची उत्तरं मुलं देतात, जर पुढचा प्रश्न 'त्याची जात कोणती' हा नसेल तर.

दोघंही आज 20 च्या पुढे आहेत. लग्नाचं वगैरे काही ठरलेलं नाही, आणि ते त्यांचं ते ठरवतील. हे पत्र मी दोघांना वाचून दाखवलं आहे. तिने दोन वाक्यं खोडायला लावली, त्याने एकही नाही. त्यांची ओळख कळू नये म्हणून माझं नाव छापू नये.

त्या दुसऱ्या सरांना मी गेल्या महिन्यात फोन केला. पुढच्या महिन्यात आमच्या दोन्ही वर्गांची एकत्र स्पर्धा आहे. प्रत्येक फेरीनंतर अर्धा तास मोकळा ठेवला आहे, ज्याच्याशी खेळलात त्याच्याच शेजारी बसून डाव उलगडण्यासाठी.

आपली,
एक निवृत्त गणितशिक्षिका, सांगली