गाळलेली जागा भरणारे मॉडेल नको

संपादक महोदय,

कार्यालयासाठी एआय मॉडेल निवडताना ज्याची मराठी सर्वांत सफाईदार तेच घ्यावे, असा सल्ला आपल्या पत्रांच्या सदरात अलीकडे एका वाचकाने दिला आहे. निमंत्रणपत्रिका लिहायच्या असतील तर हा सल्ला ठीक आहे. जुन्या दप्तरावर काम करणाऱ्याला मात्र तो महागात पडेल, म्हणून हे पत्र.

मी फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या कार्यालयात कारकून आहे. आमचे दप्तर निम्मे मराठी, निम्मे पोर्तुगीज. समितीची इतिवृत्ते, शिमग्याचे आणि जत्रेचे हिशेब, महाजनांचा, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांचा, कॅटलॉग, कुळांशी झालेला पत्रव्यवहार. मोडीतली बाडे आम्ही बाजूलाच ठेवली आहेत. ती वाचायला जाणता माणूसच लागतो. टंकलिखित कागद मात्र संगणकात घालून त्यांचा मराठी गोषवारा करावा, म्हणजे कोणी काही विचारायला आले की कपाट उपसावे लागणार नाही, असे समितीने ठरवले.

हे काम इंटरनेटवरच्या सेवेला देता आले असते. पण महाजनांचे पत्ते, घराण्यांच्या वंशावळी, देणगीदारांच्या रकमा आणि जमिनीचे वाद परक्याच्या संगणकावर पाठवायला आमचे अध्यक्ष तयार नव्हते, आणि मला त्यांचे पटले. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच. तो नसता तरी मी पाठवले नसते. शिवाय ऑनलाइन सेवेतले मॉडेल कंपनी मागच्या मागे बदलते. आज दिलेले उत्तर पुढच्या चवथीला तसेच येईल याची हमी नाही. पावसात आमच्याकडचे नेट कसे चालते, हे फोंडेकरांना सांगायला नको.

म्हणून ओपन-वेट मॉडेल. म्हणजे कंपनीने मॉडेलच्या आकड्यांची फाईल सर्वांसाठी खुली केलेली असते. ती एकदा उतरवून घेतली की आपल्या संगणकावर नेटशिवाय चालते आणि आपण बदलेपर्यंत तशीच राहते. मात्र ते मॉडेल कोणता मजकूर वाचून शिकले हे बहुतेक कंपन्या सांगत नाहीत. ॲलन इन्स्टिट्यूटच्या ओल्मोसारखी, शिकवणीचा मजकूरही उघड करणारी मॉडेले थोडी. त्यामुळे गोव्यातले कागद मॉडेलने कधी पाहिले आहेत का, हे विचारून कळत नाही. परीक्षा घेऊनच कळते.

भाषांच्या यादीवर तर अजिबात विसंबू नये. मेटाचे लामा 3.1 जुलै 2024 मध्ये आले. त्याच्या अधिकृत आठ भाषांत पोर्तुगीज आहे, हिंदी आहे, मराठी नाही. मार्च 2025 चे गुगलचे जेम्मा 3 एकशेचाळीसहून अधिक भाषा सांगते, तर एप्रिल 2025 चे अलिबाबाचे क्वेन 3 बोली धरून 119, आणि त्यांत मराठी आहे. पण येते म्हणजे काय येते? माझी पुण्याची जाऊ उत्तम मराठी बोलते, तरी आमच्या इतिवृत्ताचे एक पान तिला न अडखळता वाचता येत नाही. मुंडकार, झोण, खाजन, मानस हे गोव्यातल्या जमिनीच्या आणि गावकीच्या व्यवहारातले शब्द असलेला मजकूर आणि पाठ्यपुस्तकातले मराठी यांत बरेच अंतर आहे.

लायसन्सचा बाऊ आमच्या एका सदस्याने खूप केला. क्वेन 3 अपाचे 2.0 खाली मिळते, डीपसीक कंपनीचे आर 1 एमआयटीखाली; ही दोन्ही लायसन्से जवळजवळ सगळी मोकळीक देतात. लामा आणि जेम्मा 3 यांच्या अटी त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या. लामाच्या अटींत महिन्याला 70 कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्यांनी वेगळी परवानगी घ्यावी असे कलम आहे. आमचे महाजन मुंबईतले आणि परदेशातले धरूनही तिथवर पोचायचे नाहीत. मॉडेलवर काही तयार करून विकायचे असेल त्याने अटी नीट वाचाव्यात. कार्यालयातल्या एका टेबलापुरते कोणतेही चालते.

अडचण यंत्राची होती. एका महाजनांनी दिलेल्या संगणकात 12 जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. 12 अब्ज आकड्यांचे मॉडेल मूळ रूपात, म्हणजे प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरून, 24 जीबी होते. ते मावत नाही. म्हणून आकडे चार-चार बिटांत दाबलेली आवृत्ती घ्यावी लागते, ती सात-आठ जीबीत बसते. या दाबण्यात लॅटिन सोडून इतर लिप्यांच्या भाषांचे नुकसान अधिक होते असे संशोधकांना आढळले आहे, आणि मोठ्या यंत्रावरच्या निकालांत ते दिसत नाही. देवनागरीचा आणखी एक भुर्दंड म्हणजे टोकन. मॉडेल शब्दाचे तुकडे करून वाचते. तोच मजकूर इंग्रजीत असेल तर तुकडे थोडे, मराठीत असेल तर जास्त. आणि तुकडे जितके जास्त तितके काम धिमे. मॉडेलला ओळखीच्या तुकड्यांचा एक ठरलेला साठा असतो: लामा 2 च्या साठ्यात 32 हजार तुकडे होते, लामा 3 मध्ये सुमारे 1 लाख 28 हजार झाले, जेम्मा 3 मध्ये 2 लाख 62 हजार. साठा मोठा झाल्यामुळे देवनागरीला थोडा तरी दिलासा मिळाला आहे.

गाळत गाळत दोन मॉडेले उरली. त्यांची नावे देत नाही. नव्या आवृत्त्या आल्या की माझे निरीक्षण शिळे होईल, आणि आपल्या स्तंभात कोणाची फुकट जाहिरात किंवा बदनामी करण्याची मला इच्छा नाही. पहिले आणि दुसरे एवढेच म्हणते.

पहिल्याची मराठी खरोखर सुरेख. वाक्ये वर्तमानपत्रातल्यासारखी, क्रियापदे जागच्या जागी. दुसरे हिंदीच्या वळणाने लिहिते, मध्येच ‘द्वारा’ घालते, ‘ळ’ असतो तिथे ‘ल’ टाकते. आमच्या खजिनदारांनी दोन्हींची पाने वाचली आणि तिथेच पहिल्याच्या बाजूने मत दिले.

समितीतले एक निवृत्त मुख्याध्यापक पोर्तुगीज उत्तम जाणतात. त्यांनी आणि मी मिळून आमच्याच कागदांतून प्रश्न काढले, उत्तरे आधी वहीत लिहून ठेवली, आणि मग तेच प्रश्न तशाच सूचनांसह दोन्ही मॉडेलांना दिले. मॉडेलची टेंपरेचर नावाची सेटिंग शून्यावर ठेवली, म्हणजे दर वेळी निराळे उत्तर यायला नको. छापलेल्या उत्तरांवर मॉडेलचे नाव न घालता ती सरांकडे तपासायला दिली.

एक प्रश्न हिशेबाचा होता. पोर्तुगीज अमदानीत रुपीला 16 तांगे. 3 रुपी 12 तांगे आणि 2 रुपी 8 तांगे मिळून 6 रुपी 4 तांगे होतात. नियम न सांगता विचारले तर दोन्हींनी दशांशाची बेरीज करून 5 रुपी 20 तांगे सांगितले. नियम सांगितल्यावर दोन्ही सुधारली. म्हणजे इथे निवडीला काही मदत झाली नाही, एवढेच कळले की बेरीज कॅल्क्युलेटरवरच करावी. 1950 च्या दशकाच्या अखेरीस रुपी जाऊन एस्कुदो आला, त्या काळातली पाने तर मी मॉडेलला दिलीच नाहीत.

निकाल लागला तो वाळवीने खाल्लेल्या पानावर. पालखीच्या दुरुस्तीच्या ठरावात रकमेच्या जागी भोक आहे. मी टंकताना तिथे टिंबे दिली होती, आणि वाचता येत नसेल तिथे ‘मजकूर नाही’ असे लिही, ही सूचना दोन्हींना होती. दुसऱ्याने आपल्या ओबडधोबड मराठीत ‘मजकूर नाही’ लिहिले. पहिल्याने 150 रुपी मंजूर झाल्याचे लिहिले, आणि ते इतके सहज की मूळ कागद माझ्यापुढे नसता तर मीही पुढे गेले असते. 150 ही रक्कम अशक्य नाही, हीच भीती. दीड लाख लिहिले असते तर कोणीही थांबला असता. आखूड उतारा दिला की पहिलेही सूचना पाळत होते. चार-पाच पाने एकदम दिली की विसरत होते.

खजिनदारांचे म्हणणे असे की चुका तपासणारा माणूस शेवटी असणारच, मग भाषा चांगली असलेले मॉडेल घेऊन त्याचे पुनर्लेखनाचे श्रम का वाचवू नयेत? मुद्दा बिनतोड वाटतो. पण तपासणारी मीच आहे, आणि संध्याकाळी आरतीच्या आधी उरलेली पाने उरकताना माझी नजर कुठे अडते हे मला ठाऊक आहे. ती खडबडीत वाक्यावर अडते, गुळगुळीत वाक्यावरून घसरते. वाईट मराठी मी दुरुस्त करू शकते, कारण ते दिसते. कॅटलॉगमध्ये आजोबांच्या नोंदीचे साल मॉडेलने मनाने भरले, तर ते चूक म्हणून दिसणारच नाही. दिसेल ते नातू नाव घालायला आल्यावर, प्रकरण मामलेदारांपर्यंत गेल्यावर.

दुसरे निर्दोष नाही. नोंद पानाच्या तळाशी असतानाही ते कधीकधी ‘मजकूर नाही’ म्हणून मोकळे होते. तेव्हा कागद पुन्हा काढावा लागतो आणि वेळ जातो. हा तोटा आम्ही समजून-उमजून पत्करला. सभेत मतदान घ्यावे लागले, आणि खजिनदारांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला. जत्रेच्या पत्रिकांसाठी त्यांनी पहिले मॉडेल ठेवून घेतले आहे. त्याला माझी हरकत नाही.

आता मागणी. गोव्यात अशी देवस्थाने, कोमुनिदादी (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्था), वाचनालये पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे हाच खटाटोप करायचा म्हणजे वेळ फुकट. पणजीचे पुराभिलेख खाते, पाटोवरचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि गोवा विद्यापीठ यांनी मिळून गोव्यातल्या मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज कागदांचा एक प्रश्नसंच करावा. त्यात फाटकी पाने हवीत, जुनी चलने हवीत, आणि ज्यांचे खरे उत्तर ‘माहीत नाही’ हेच आहे असे प्रश्न भरपूर हवेत. जागतिक क्रमवाऱ्यांत इंग्रजी प्रश्नांचा भरणा असतो किंवा लोकांना कोणते उत्तर आवडले त्याची मते मोजलेली असतात. तिथे आमच्या खजिनदारांचाच कौल लागणार. मात्र सगळा संच नेटवर टाकू नये. टाकला की तो पुढच्या मॉडेलांच्या शिकवणीत मिसळतो आणि परीक्षेला अर्थ राहत नाही. अर्धा खुला ठेवावा, अर्धा कपाटात, आणि ज्याला तपासायचे त्याने तिथे येऊन तपासावे.

आमचे प्रश्न, नावे-पत्ते काढून, द्यायला समितीची तयारी आहे. तसा ठराव झाला असून त्याची प्रत मागणाऱ्या संस्थेला मिळेल.

आपली,
देवस्थान कार्यालयातील एक कारकून,
फोंडा तालुका