लाल रेघ मारलेली दोन पुस्तकं

वेंगुर्ला, मिरगाचा पहिला आठवडा

प्रिय बाय,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

एसटी सुटली तेव्हा मी पाठ करून उभा होतो, ते तू खिडकीतून पाहिलंस. घरी आल्यावर आईने मला त्यावरून ऐकवलं. राग नव्हता गो. काय बोलावं तेच सुचेना. रात्री आंबोलीच्या घाटात दरड आली नाही ना म्हणून दोनदा उठून बसलो. सकाळी पोचल्याचा मेसेज आला, त्यात भावाबद्दल, आपल्या बाबूबद्दल एक शब्द नव्हता. असो. त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. हे पत्र पुस्तकांचं आहे.

तुमच्या चर्चच्या मंडळीने तेरा ते अठरा वयाची मुलं तुझ्या हाती दिली, हे मी इथल्या पाळकसाहेबांना दोनदा सांगितलं. शाब्बाथ शाळेत वचन पाठ नाही म्हणून रडणारी तू! आणि त्याच आनंदाच्या भरात मुलांबरोबर वाचायच्या पुस्तकांची तुझी यादी मी मागितली, लाल पेन घेतलं आणि पाचातल्या दोन नावांवर रेघ मारली. चौतीस वर्षं वह्या तपासल्याचा तो हात. तू म्हणालीस, "पप्पा, मी सल्ला मागितला होता, मार्क नव्हे." बरोबर बोललीस.

आधी राहिलेल्या तिघांचं सांगतो. ‘स्मृतिचित्रे’ पहिलं घे. तुझ्या मुलांपैकी निम्मी इंग्रजी शाळेतली असणार, तेव्हा वाचायला देऊ नकोस, तू वाचून दाखव. एका वेळी वीस मिनिटं, जास्त नको. लक्ष्मीबाई टिळकांची मराठी कानाने चटकन कळते. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे, हे मुलांना जरूर सांग. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायकोवर काय कोसळलं, ते ती काही न लपवता लिहिते. नवऱ्याचा संतापही लिहिते. ती त्याच्या मागे फरफटत आली नाही, आपल्या पायांनी आली आणि त्याला तिला काही वर्षं लागली. एका घरात एकाचा विश्वास दुसऱ्याच्या आधी येतो, मधली वर्षं कशी काढायची, यावर मुलांना बोलू दे. त्यांच्या घरांतही हेच चाललेलं असतं.

पंडिता रमाबाईंचं चरित्र घेशील तेव्हा त्यांची नुसती आरती करू नकोस. इंग्लंडात वाँटेजला १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद घालत होत्या. बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनी डोकं गहाण ठेवलं नाही. ती पत्रं मिळव.

‘यमुनापर्यटन’ मात्र तुझ्या जागी मी घेतलं नसतं. १८५७ चं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात, बाबा पदमनजींचा विधवांसाठीचा कळवळा खरा. पण पानोपानी उपदेश आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला उपदेशाचा वास लांबून येतो. त्याऐवजी ‘ख्रिस्तपुराणा’तल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या म्हणून घे. फादर स्टीफन्स इंग्लंडातून आलेला जेझुइट, १६१६ साली इथून जवळच राशोलला त्याचं पुराण छापलं गेलं. आपली भाषा त्याने किती प्रेमाने उचलली ते ऐकून मुलं चकित होतील. आणि हे बघ, तू स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय कुठलंच पुस्तक मुलांपुढे ठेवू नकोस, पालकांना आधी नाव कळव, गप्प बसणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नकोस, आणि...

पुन्हा वर्गात उभा राहिलो. माफ कर. हे सगळं तुला येतं.

आता रेघांचं. तू सी. एस. लुईसचं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ माजघरातल्या कॉटवर विसरलीस की मुद्दाम ठेवलंस? दोन रात्री लाइट नव्हती, बॅटरीच्या उजेडात वाचून काढलं. जादूगार, चेटकीण, बोलणारी जनावरं, असलं चर्चमध्ये कशाला, असं मी म्हणालो होतो. पुस्तक न उघडता म्हणालो होतो. त्यातल्या मुलाची आई अंथरुणाला खिळलेली. तो सिंहाकडे औषध मागतो, मान खाली घालून. मग वर बघतो तर सिंहाच्याच डोळ्यांत पाणी. उत्तर अजून काहीच दिलेलं नाही, आधी पाणी. मी पुस्तक मिटलं आणि योहानाचा अकरावा अध्याय काढला. मेलेल्या लाजराला उठवायचं हे प्रभूला ठाऊक होतं, तरी थडग्याकडे जाताना तो रडला. इतकी वर्षं मी त्या अध्यायावर बोलत आलो, दरवेळी घाईघाईने लाजर बाहेर येतो तिथे पोचत आलो.

लुईस नऊ वर्षांचा असताना त्याची आई वारली. गोष्टीतली आई बरी होते. हे मुलांना वाचून झाल्यावर सांग, आधी नको.

दुसरी रेघ ‘द हायडिंग प्लेस’वर. मुलांना जड जाईल, असं तुला सांगितलं. ते खरं कारण नव्हतं.

त्या वर्षी तू पुण्यात होतीस. शनिवारच्या गटात मीच ते पुस्तक घेतलं होतं. हॉलंडच्या हार्लेममधलं घड्याळजींचं कुटुंब ज्यू लोकांना घरात लपवतं तिथपर्यंत रंगत गेलं. जीव वाचवायला खोटं बोललं तर पाप का, यावर दोन शनिवार भांडण! तेवढ्यासाठी तरी ते पुस्तक घ्यावं. मग नाझींची राव्हेन्सब्रुकची छावणी आली. पिसवांबद्दलही देवाचे आभार मानणारी त्या घरातली बेट्सी १९४४ च्या डिसेंबरात तिथेच वारली, आणि काही दिवसांत तिची बहीण कोरी कारकुनी चुकीमुळे सुटली. बाबू म्हणाला, "चूक करायचीच होती तर देवाने थोडी आधी का नाही करवली?" त्या पावसाळ्याच्या तोंडावर त्याच्या वर्गातल्या मुलाचे वडील होडीवरून परत आले नव्हते. मला ते माहीत होतं. तरी मी म्हणालो, "देवाला जाब विचारणारे आपण कोण?" आणि लगेच प्रार्थना सुरू केली. सगळ्यांना डोळे मिटायला लावले.

बाबूने मिटले नाहीत. मी बघितलं, कारण मीही मिटले नव्हते.

पुढचे दोन शनिवार तो मागच्या बाकावर बसला. मग शनिवार बंद, मग रविवार. चार वर्षं झाली. तो येतो का गो तुझ्याबरोबर? तू राहतेस त्या रस्त्यावरच चर्च आहे म्हणालीस ना. येत नसेल तर आग्रह नको करूस. जेवतो का वेळेवर? मेसचं की तुझ्या हातचं?

आई आत्ता मागे उभी राहून वाचून गेली. म्हणते, "तुमका झिलाची आठवण येता, मगे पुस्तकांच्या नावान कित्याक लिवतास?" तिचं बरोबर असेल. पण पुस्तकांचंही खरंच आहे, बाय. ते पुस्तक घे. दोन्ही घे. कुणी बाबूसारखं विचारलं तर प्रार्थनेला उठू नकोस. शनिवार तसाच संपला तर संपू दे, पुढच्या शनिवारी तो मुलगा यायला हवा. तुला हे जमेल. मला भीती वाटते ती तुझी नाही.

एसटीच्या पार्सलने खोका पाठवतोय. कुळथाचं पीठ, सोलं, काजूगर, आगळाची एक बाटली. तळाशी तुझं ‘नेफ्यू’. त्याच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी ‘हायडिंग प्लेस’ची जुनी प्रत आहे, ती गटासाठी नाही. बेट्सी जाते त्या पानावर मी पेन्सिलीने त्याचा प्रश्न लिहिलाय, त्याच्याच शब्दांत, आणि खाली लिहिलंय की मलाही माहीत नाही. त्याच्या हातात देऊ नकोस. टेबलावर असू दे.

आगळाच्या बाटलीचं बूच सैल आहे, खोका आडवा करू नकोस.

तुझा,
पप्पा