दंड परत मागा, पण अर्जात खोटे लिहू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेगमर्यादा मोडल्याचा दंड तांत्रिक मुद्द्यावर परत मागणारा माणूस आणि खिसेकापू यांच्यात फरक तो काय, असा सवाल आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने केला आहे. फरक आहे, आणि तो चांगला मोठा आहे. मी सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून केली. दुसऱ्याचा तराजू खरे बोलतो की नाही हे पाहणे एवढेच माझे काम होते. त्यामुळे या वादात मला दोन्ही बाजूंचे थोडेथोडे कळते, असे समजून हे पत्र लिहितो आहे.

आमच्या एका सहकाऱ्याने एका दुकानदाराला कमी तोलताना रंगेहाथ पकडले होते. तराजू खोटाच होता, त्याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. खटला उभा राहिला तेव्हा दुकानदाराच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: ज्या वजनांनी तपासणी केली, त्या वजनांची स्वतःची पडताळणी केव्हा झाली? लोखंडी वजनाला एक खळगा असतो, त्यात शिसे भरलेले असते आणि त्या शिशावर पडताळणीचा ठसा उमटवतात. निरीक्षकाच्या पेटीतली वजनेही या नियमातून सुटत नाहीत. तीही ठरावीक मुदतीत वरच्या दर्जाच्या वजनांशी ताडून घ्यावी लागतात. आमच्या पेटीची मुदत उलटून गेली होती. दुकानदार सुटला.

त्या दिवशी कार्यालयात सगळे चरफडत होते. मीही चरफडलो. पण पुढच्याच आठवड्यात वरिष्ठांनी झाडून सगळ्या पेट्या पडताळणीला पाठवल्या, जे काम कितीतरी महिने ‘बघू, करू’ म्हणून पडून होते. लबाड माणूस सुटला तेव्हाच आमची वजने खरी झाली, हे नाकारून चालणार नाही. म्हणून त्या दुकानदाराने तो मुद्दा काढला याचा राग मी कधी धरला नाही. राग आला तो नंतरच्या गोष्टीचा. तो गिऱ्हाइकांना सांगत सुटला की कोर्टाने माझा तराजू बरोबर ठरवला. कोर्टाने तराजूबद्दल अवाक्षर काढले नव्हते.

वेगाच्या दंडाचे नेमके हेच आहे. तांत्रिक मुद्दा म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, त्यात तऱ्हा पुष्कळ. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वेस्टर्न रिंग रोडवरच्या कॅमेऱ्याने २००३ साली एका जुन्या डॅटसन १२०वाय गाडीचा वेग ताशी १५८ किमी नोंदवला. ती गाडी ढकलली तरी तेवढी पळाली नसती. चौकशीत त्या रस्त्यावरचे कॅमेरेच भरवशाचे नाहीत असे निघाले आणि सरकारला लोकांचे दंड परत करावे लागले, वर भरपाईही द्यावी लागली. याला तांत्रिक म्हणणेच चूक. इथे मापच खोटे होते. याउलट जर्मनीत एप्रिल २०२० मध्ये कडक शिक्षांचे नवे नियम आले आणि काही महिन्यांतच राज्यांनी ते बाजूला ठेवून शिक्षांचा जुना तक्ता लावला. कारण काय, तर नियमावलीच्या प्रस्तावनेत ज्या कायदेशीर आधारांचा उल्लेख करणे तिथल्या राज्यघटनेनुसार सक्तीचे आहे, त्यातला एक राहून गेला होता. कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता, चालकाचा वेगही खराच होता. इटलीतल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये जो निकाल दिला तो या दोन्हींच्या मधला: वेगमापक यंत्राला नुसती मान्यता असून भागत नाही, कायद्यात सांगितलेले रीतसर प्रमाणीकरणही हवे. हे वाचून माझ्यातला निरीक्षक सुखावला, हे कबूल करतो.

मुदतीचा मुद्दा सर्वांत बदनाम आहे. इंग्लंडमध्ये वेगाच्या गुन्ह्याची नोटीस चौदा दिवसांत गाडीच्या नोंदणीकृत धारकापर्यंत पोचावी लागते. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या तरतुदीप्रमाणे कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवायची असते, आणि यंत्र अचूक चालते याचे प्रमाणपत्र दरवर्षी नवे करायचे असते. एक दिवस उशीर झाला म्हणून काय आकाश कोसळते, असे पत्रलेखक विचारतात. आकाश कोसळत नाही, पण दोन महिन्यांनी नोटीस आली तर त्या दुपारी गाडी कोण चालवत होते, कुठल्या रस्त्याला फलक झाडाआड गेला होता, हे सामान्य माणसाने कुठून आठवायचे? मुदत त्याच्यासाठी आहे. ती एकदा सैल सोडली की यंत्रणा कधीही दार ठोठावू शकते, आणि सैल सोडलेली मुदत पुन्हा कोणी घट्ट करत नाही हे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

डेव्हिड बेकहॅम या फुटबॉलपटूचा खटला त्या काळी गाजला. ताशी ४० मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तो ५९ ने गेला. नोटीस एक दिवस उशिरा पोचली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तो सुटला. महागडा वकील परवडतो म्हणून सुटला, असे लोक म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. पण एक गोष्ट पाहा, आपण गाडी चालवत होतो आणि वेग तेवढाच होता हे त्याच्या बाजूने नाकारले नव्हते. (दोनच महिन्यांनी तो गाडी चालवताना फोन हाताळताना सापडला आणि पुढे सहा महिने त्याला गाडी चालवायला बंदी झाली. सुटका म्हणजे सुधारणा नव्हे, एवढेच.)

आता दुसरा माणूस घ्या. मार्कस आइनफेल्ड, ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २००६ साली ताशी ५० किमीच्या टापूत ते ६० ने गेले. दंड होता ७७ डॉलर. तो चुकवण्यासाठी त्यांनी शपथेवर सांगितले की गाडी आपली एक मैत्रीण चालवत होती. ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती. २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांची कैद झाली. ब्रिटनचे माजी मंत्री ख्रिस ह्यून यांनी आपल्या वेगाच्या गुन्ह्याची नोंद पत्नीच्या परवान्यावर ढकलली. २०१३ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. वेगाच्या हिशेबाने बेकहॅम न्यायाधीशांपेक्षा कितीतरी मोठा गुन्हेगार. तरीही मला विचाराल तर न्यायाधीशांचे पाप जड आहे. एकाने यंत्रणेची खरी चूक दाखवली, दुसऱ्याने नसलेली गोष्ट रचली. माझी रेघ या दोघांच्या मधून जाते.

ही रेघ अर्जाच्या कागदावर कशी दिसते तेही सांगतो. माझ्या पुतण्याला असाच दंड झाला. त्याने तो मुकाट्याने भरला आणि नंतर लक्षात आले की नोटीस मुदत उलटल्यावर निघाली होती. लिफाफ्यावरच्या शिक्क्यावरून ते उघड होते. परताव्याचा अर्ज त्याने मला तपासायला दिला. खालच्या परिच्छेदात तारखा होत्या, सगळ्या बरोबर. वरच्या परिच्छेदात लिहिले होते, ‘माझे वाहन विहित मर्यादेतच होते.’ मी त्या दिवशी त्याच्या शेजारी बसलो होतो. काटा कुठे होता ते मी पाहिले होते, हळू घे म्हणालोही होतो, त्यावर ‘रस्ता मोकळाच आहे, काका’ असे उत्तर मिळाले होते. मी पेन्सिलीने वरच्या परिच्छेदावर काट मारली.

“अहो काका, वकील म्हणतात दोन्ही कारणं द्यावीत. एक नाही चाललं तर दुसरं.”

“वकिलाला तू किती वेगानं होतास ते माहीत नाही. तुला माहीत आहे.”

पर्यायी बचाव कायद्याला चालतो, हे मला ठाऊक आहे. ‘वेग सिद्ध झालेला नाही’ असे म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, सिद्ध करणे हे यंत्रणेचे काम आहे. पण ‘मी वेगात नव्हतो’ हे विधान वेगळे. त्याच्याखाली आपली सही असते. पुतण्याने शेवटी तो परिच्छेद काढला. पटले म्हणून काढला की मी समोर बसून होतो म्हणून, ते मी विचारले नाही.

परत मिळालेले पैसे दान करावेत, म्हणजे मन साफ राहील, असाही तोडगा पत्रलेखकांनी सुचवला आहे. मला तो पटत नाही. नियम मोडून वसूल केलेला पैसा सरकारचा नाही, तो खुशाल खिशात घालावा. वेगाचा हिशेब निराळा आहे आणि तो पैशाने फिटत नाही. ५० किमीने चाललेली गाडी ब्रेक लावून ज्या जागी थांबते, त्याच जागी, तिथूनच ब्रेक दाबलेली ६० ची गाडी अजून ताशी ३३ किमीने पुढे जात असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून दहाचा फरक ऊर्जेत ४४ टक्क्यांचा होतो. समोर मूल आले तर त्याला नोटीस मुदतीत निघाली होती की नाही याचे काय? परतावा घेतलेल्याने पुढच्या वेळी पाय आवरावा. देणगीची पावती फाडून तेच काम होत नाही.

यंत्रणेकडून माझी अपेक्षा साधी आहे. दंडाच्या प्रत्येक नोटिशीवर त्या कॅमेऱ्याच्या शेवटच्या पडताळणीची तारीख छापावी, म्हणजे निम्मे वाद तिथेच मिटतील. चूक सरसकट झालेली असेल तर परतावाही सरसकट द्यावा, न मागता. नाहीतर तो फक्त वकील गाठू शकणाऱ्यांच्या पदरात पडतो आणि हात जोडून दंड भरणारा तसाच राहतो. आणि परताव्याच्या अर्जात तारीख, पावती आणि हरकतीचे कारण एवढेच विचारावे. ‘मी निर्दोष आहे’ असे लिहून घेणारा छापील रकाना असेल तर तो काढून टाकावा. लोकांना खोटे लिहायला भाग पाडणारे कितीतरी छापील नमुने मी नोकरीत पाहिले, त्यांत आणखी एकाची भर नको.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त वजनमापे निरीक्षक